सील नवं, गळती जुनीच

नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट भरून निघालेली पिकअप आळेफाट्यावरून माळशेज उतरून कल्याणला पोचते. चालक सवयीनं खाली वाकून बघतो, तर मागच्या डाव्या टायरच्या आतल्या अंगाला काळा, चिकट ओघळ. महिन्यापूर्वीच सील बदललेलं असतं. मग 'माल डुप्लिकेट निघाला' म्हणत आणखी एक सील बसवलं जातं आणि काही दिवसांत तेही गळू लागतं. एकाच जागी दुसऱ्यांदा गळती झाली, की सील सोडून आजूबाजूला बघायला हवं.

फिरत्या एक्सलला रबरी ओठ टेकवून हौसिंगमधलं गिअर ऑइल अडवायचं, एवढंच सीलचं काम. ओठ घट्ट राहावा म्हणून त्यामागे बारीक स्प्रिंग असते. ऑइल निसटलं, की ते ड्रममध्ये शिरून ब्रेकच्या लायनरवर पसरतं. त्या चाकाचा ब्रेक नीट धरत नाही आणि ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढते. भरल्या गाडीनं घाट उतरताना असं झालं, तर जिवावर बेतू शकतं.

आधी गळतंय काय, ते ठरवावं. गिअर ऑइल दाट असतं, त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. ब्रेक ऑइल पातळ असतं आणि पाण्यानं धुऊन जातं. ते व्हील सिलिंडरमधून आलेलं असेल, तर एक्सल खोलायची गरजच नाही.

त्यानंतर ब्रीदर. एक्सलच्या हौसिंगवरची ही छोटी झडप चिखलानं सहज बुजते, आणि तिच्याकडे क्वचितच कुणी बघतं. ती बंद असताना आतली हवा ३० अंशांवरून ९० अंशांपर्यंत तापली, तर तिचा दाब सुमारे २० टक्क्यांनी वाढतो. वाट मिळत नाही म्हणून हा दाब ऑइलला सीलच्या ओठाखालून बाहेर रेटतो. ब्रीदर काढून धुतला, फुंकून पाहिला, तर खर्च जवळपास शून्य. ऑइल भरायच्या प्लगच्या पातळीपेक्षा जास्त ऑइल भरलं असेल, तरी गळती होते.

खरी माहिती मात्र काढलेल्या जुन्या सीलमध्ये असते, आणि गॅरेजमध्ये तेच सर्वांत आधी भंगारात जातं. ते पुसून उजेडात धरावं. ओठ एकाच बाजूला झिजला असेल, तर बेअरिंगला प्ले आहे किंवा ओव्हरलोडनं हौसिंगच वाकलंय. ओठ सगळीकडून कडक होऊन तडकला असेल, तर उष्णता. साधं नायट्राइल रबर १०० अंशांच्या आसपासच सतत टिकतं. ओठावर चीर असेल, तर एक्सल आत घालताना त्याच्या दात्यांनी ती पाडली असावी. ओठ चांगला, पण बाहेरची कड ओली असेल, तर सील बसतं ती जागा खरवडलेली आहे किंवा सील तिरकं ठोकलंय.

आता एक्सलवर सील टेकतं तिथे नख फिरवावं. नख अडलं, तर तिथे चर पडलाय, आणि नवं सील त्याच चरावर बसून पुन्हा गळणार. जागा असेल, तर सील दोन-तीन मिलिमीटर पुढेमागे बसवून ओठाला गुळगुळीत पृष्ठभाग देता येतो. नाहीतर चरावर पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची पोलादी स्लीव्ह चढवतात. ती इतकी पातळ असते, की मूळ मापाचंच सील चालतं.

अमेरिकेतल्या शेव्हरोलेच्या अनेक पिकअपमध्ये मागच्या बेअरिंगला आतली रिंगच नसते, रोलर थेट एक्सलवर धावतात. तिथे बेअरिंगसोबत एक्सलही झिजतो, आणि निव्वळ सील बदलून काहीच साधत नाही. म्हणून तिथल्या बाजारात रोलर आणि सील दोन्ही नव्या जागी टेकतील असं दुरुस्तीचं बेअरिंग मिळतं.

ऑइलनं भिजलेले लायनर पेट्रोलनं धुऊन पुन्हा लावू नयेत, दोन्ही चाकांचे बदलावेत. नव्या सीलच्या ओठाला ऑइल लावूनच एक्सल आत सरकवावा. मग टायरची आतली बाजू कोरडी पुसून ठेवावी आणि भरली गाडी एकदा घाट चढून-उतरून आली, की तिथे बोट फिरवून बघावं.