तबल्याचा सूर कुठे असतो?

जुन्या तबकड्या ऐकणाऱ्यांच्या बैठकीत एक वाद कधीच मिटत नाही : अमुक गायक नक्की कोणत्या पट्टीत गात? चरित्रांतून ‘काळी चार’, ‘पांढरी पाच’ असे ठाम उल्लेख येतात आणि त्यांवरून कुणाचा आवाज उमेदीत किती चढा होता, उतारवयात किती खाली आला, याची अनुमाने काढली जातात. यातला बराचसा पुरावा तबकडीवरून कानांनी टिपलेला असतो. पण विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत मिनिटाला 78 फेऱ्या हा आकडा पक्का ठरलेला नव्हता. 74 फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी 78ने फिरवली, तर सगळे गाणे जवळजवळ एका अर्धस्वराने चढते. काळी एकचा गवय्या पांढरी दोनचा होऊन बसतो, आणि पुढे त्यावर लेख लिहिले जातात.

अशी तबकडी हाती आली की मी गाण्याआधी तबला तपासतो. गळा मींडेत असतो, आंदोलनात असतो. षड्जावर टेकला तरी क्षणभरच. पेटी बहुधा गळ्याच्या मागे दडलेली असते. दायाँ मात्र साधारणपणे गायकाच्या षड्जाला (कधी पंचमाला वा मध्यमाला) मिळवलेला असतो आणि तीन मिनिटांत शेकडो वेळा तोच सूर देतो. तेव्हा एक ‘ना’ कापून घ्यावा, संगणकाला द्यावा आणि पट्टी विचारावी, असे कुणालाही वाटेल. अडचण इथेच सुरू होते. काळी एकला मिळवलेल्या तबल्याचा ‘ना’ दिला तर स्वर ओळखणारी साधने कित्येकदा ‘काळी चार’ असे उत्तर देतात. म्हणजे षड्जाऐवजी पंचम. साधन बिघडलेले नसते. आपण त्याला जे विचारतो आणि ते ज्याचे उत्तर देते, त्या दोन गोष्टी वेगळ्या असतात.

तार छेडली की तिचे उपस्वर मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पूर्ण पटींत येतात. तंबोऱ्यातून स्वयंभू गांधार ऐकू येतो तो यामुळेच. तो पाचव्या पटीचा स्वर. ताणलेल्या साध्या कातड्याचे तसे नाही. त्याचे उपस्वर मूळ कंपनाच्या 1.59, 2.14, 2.30, 2.65 अशा वेड्यावाकड्या पटींत पडतात. त्यांचे आपसात काही जमत नाही, म्हणून कानाला आघात कळतो, उंच-खाली कळते, पण ‘सा’ कळत नाही. गणपतीच्या मिरवणुकीतल्या ताशाला पट्टी विचारण्यात अर्थ नाही तो यासाठी.

तबल्याने या कातड्याला शिस्त कशी लावली, हे कलकत्त्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शोधले. 1920 साली ‘नेचर’मध्ये शिवकाली कुमार यांच्यासह त्यांनी एक छोटे टिपण प्रसिद्ध केले आणि 1934 साली बंगळूरहून सविस्तर लेख लिहिला. पुडीवर बारीक वाळू भुरभुरून, कातडे कुठे हलते आणि कुठे स्थिर राहते याच्या आकृत्या त्यांनी टिपल्या. निष्कर्ष असा की शाईच्या वजनामुळे पुडीची पहिली नऊ कंपने पाच गटांत येऊन बसतात, आणि हे पाच गट 1, 2, 3, 4, 5 अशा जवळजवळ पूर्ण पटींत असतात. शाईचे थर एकावर एक चढवत, प्रत्येक थर दगडाने घोटत जाणाऱ्या कारागिराने हे समीकरण कानाने सोडवले होते. रामन यांच्या कामातले हे मला सर्वांत मोठे वाटते : त्यांनी वाद्याला विज्ञान शिकवले नाही, वाद्यात होते ते वाचले.

आता त्या ‘ना’कडे परत येऊ. काळी एक म्हणजे सुमारे 277 हर्ट्झ. तबल्यावर हा षड्ज पहिल्या नव्हे, दुसऱ्या पटीवर असतो. पहिली पट 139च्या आसपास, खालच्या सप्तकात. ‘ना’ वाजवताना अनामिका शाईच्या कडेला हलकी टेकलेली असते. तिच्यामुळे हे पहिले कंपन दबते. उरतात 277, 416, 554, 693 : षड्ज, पंचम, तार षड्ज आणि तंबोऱ्यातला तो गांधार. चाटेवरच्या बोटाने यांतली तिसरी पट पुष्कळदा सर्वांत जोरकस उमटते. साधन सर्वांत उंच रेघ पाहते आणि पंचम सांगते. कान मात्र रेघांमधले अंतर मोजतो. प्रत्येक दोन रेघांत 139चे अंतर असल्याने तो षड्जच ऐकतो, मग 139 प्रत्यक्षात वाजो न वाजो. तबल्याचा सूर कोणत्याही एका रेघेत नसतो, रेघांच्या नात्यात असतो.

जुन्या तबकड्यांच्या बाबतीत हे फारच उपकारक आहे. 1925च्या आधी वीज नव्हती. कर्ण्यात गायचे आणि त्या कंपनाने मेणावर रेघ कोरायची. कर्णा खालचे स्वर जवळजवळ गिळून टाकी. 139 तर मुद्रित होण्याची आशाच नाही. पण वरच्या तीन-चार रेघा खरखरीतूनही सापडतात आणि तेवढ्या पुरतात.

बोल कोणता घ्यायचा, हेही नात्यावरूनच ठरते. मोकळी ‘तूं’ गोल, लांब आणि गोड वाटते, म्हणून नवखे तिच्याकडे धावतात. तीत अनामिका उचललेली असते आणि नेमके ते पहिले कंपन मोकळे होते. पाच गटांत तेच सर्वांत कमी शिस्तीचे. ‘तूं’ षड्जापासून सरकलेली असते हे तबलियांना ठाऊक आहे. तबला मिळवताना ते चाटेवरच ठोकतात. बायाँ तर सोडूनच द्यावा. मनगटाने दाबून घुमवलेल्या ‘घे’चा सूर हा प्रवास असतो, मुक्काम नव्हे.

मोजण्याच्या तंत्राबद्दल एकच सांगतो. आघाताचा पहिला तडाखा वगळून पुढचा एक-पंचमांश सेकंद घेतला, तर ढोबळमानाने 5 हर्ट्झपर्यंतचा फरक कळतो. 277वर ही चूक अर्धस्वराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढी, 554वर तिच्या निम्मी. म्हणून चौथी पट मोजून दोनाने भागावे, आणि एकाऐवजी पन्नास ‘ना’ मोजावेत. तबकडीच्या आरंभीचे आणि अखेरचे ‘ना’ वेगळे ठेवले तर आणखी एक गोष्ट दिसते. मुद्रणाच्या वेळी यंत्र हळूहळू मंदावले असेल, तर आज एकसारख्या वेगाने वाजवताना तबला शेवटाकडे चढत जातो. गवय्या चढला असे श्रोत्याला वाटते, पण गवय्याबरोबर तबलाही नेमका तेवढाच चढत असेल, तर यंत्राचाच संशय घ्यावा.

मात्र तबल्याकडून वेगाचा आकडा मागू नये. तबकडी कशीही फिरवा, सगळ्या रेघा एकाच प्रमाणात सरकतात. त्यांचे आपसातले नाते बदलत नाही. समजा, 78 फेऱ्यांना षड्ज 285 हर्ट्झवर आला. ही जागा काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधली आहे. साथीला पेटी असेल तर तिला अशी मधली पट्टी नसते, म्हणजे वेग चुकला आहे एवढे कळते. तो 76 केला तर काळी एक मिळते, सुमारे 80.5 केला तर पांढरी दोन. दोन्ही वेग त्या काळात शक्य होते. शिवाय त्या पेटीचे सूर आजच्या मापाला जुळवलेले होते, असेही धरून चालता येत नाही. निवाडा मग शेजारच्या क्रमांकांच्या तबकड्यांवरून, त्याच गायकाच्या विजेच्या काळातल्या मुद्रणांवरून करावा लागतो. सारंगीच्या साथीची तबकडी असेल तर पेटीचा हा आधारही नाही.

म्हणून माझ्या नोंदवहीत पट्टीच्या रकान्याशेजारी वेगाचा रकाना आहे, आणि पेटी ऐकू येते की नाही याचा तिसरा. वरच्यासारख्या तबकडीपुढे मी दोन्ही पट्ट्या लिहितो, दोन्ही वेगांसह.