पेरॉक्साईडचा निरोप

गेल्या पंधरवड्यात माझ्याकडे एक सेवानिवृत्त गुरुजी आले. मधुमेहाचे निदान होऊन त्यांना वर्ष झाले. रोज पहाटे तासभर फिरतात, चहातली साखर बंद केली आहे. बिडी मात्र सुटलेली नाही. पिशवीतून तीन बाटल्या काढून त्यांनी टेबलावर मांडल्या. मुलाने अमेरिकेहून पाठवलेल्या. एकीत क जीवनसत्त्व, दुसरीत ई, तिसरीत बीटा कॅरोटीन.

"डॉक्टरसाहेब, शरीराला आतून गंज चढतो म्हणे. या गोळ्यांनी तो निघतो. फिरायला जाण्याआधी तिन्ही घेतो. बरोबर ना?"

ही गंजाची कल्पना तशी जुनी. १९५६ साली डेनहॅम हारमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने ती मांडली. पेशी प्राणवायू वापरतात तेव्हा त्यातून काही फार चळवळे रेणू निर्माण होतात, ते दिसेल त्याला डसतात, आणि या नासधुशीतून वार्धक्य येते, असे त्याचे म्हणणे. ते खोटे नाही. पण पुढे असे दिसले की हेच रेणू पेशींमध्ये निरोप्याचेही काम करतात.

यातला एक वाचकांच्या ओळखीचा आहे, हायड्रोजन पेरॉक्साईड. जखम धुताना त्याचा पांढरा फेस येतो ना, तेच. आपल्या रक्तात आणि पेशींत कॅटालेज नावाचे विकर असते. ते पेरॉक्साईडचे पाणी आणि प्राणवायू करते, म्हणून फेस. आता शरीराने हे विकर काय आपल्या कपाटातल्या बाटलीसाठी बाळगले आहे? नाही. पेशी स्वतःच पेरॉक्साईड तयार करतात, अगदी कणभर, आणि काम झाले की मोडून टाकतात.

काम कसले? काही प्रथिनांत मोक्याच्या जागी गंधकाचा अणू असतो. पेरॉक्साईडची गाठ पडली की त्या गंधकावर प्राणवायू चढतो आणि प्रथिनाचे काम बंद होते किंवा सुरू होते. थोड्या वेळाने पेशी तो प्राणवायू उतरवते. विजेचे बटण दाबावे आणि पुन्हा उचलावे तसे. गुरुजींचेच उदाहरण घ्या. इन्शुलिन पेशीच्या दाराशी आले की पेशी आत थोडे पेरॉक्साईड बनवते. इन्शुलिनचा निरोप पुसून टाकणारे एक विकर आत बसलेले असते. पेरॉक्साईड त्याला घटकाभर गप्प करते, तेवढ्यात निरोप आत पोचतो.

२००९ मध्ये झेब्रा माशाच्या पिल्लांवर एक सुंदर प्रयोग झाला. शेपटीला छेद दिल्यावर काही मिनिटांतच जखमेच्या कडेतून पेरॉक्साईड पसरू लागले. पांढऱ्या पेशी त्याच्या मागोमाग आल्या. पेरॉक्साईड बनू दिले नाही, तेव्हा त्या नीट जमल्याच नाहीत.

त्याच वर्षी जर्मनीतल्या संशोधकांनी निरोगी तरुणांकडून चार आठवडे व्यायाम करून घेतला. काहींना रोज क जीवनसत्त्व १००० मिलिग्रॅम आणि ई ४०० युनिट दिले, काहींना दिले नाही. ज्यांना दिले नाही त्यांच्या शरीरात इन्शुलिन अधिक चांगले काम करू लागले. गोळ्या घेणाऱ्यांत हा फायदा दिसला नाही. व्यायामात स्नायूंमधून उठलेला निरोप गोळ्यांनी वाटेतच अडवला, असा त्याचा अर्थ लावला गेला. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत असे निकाल आले असे नाही, आणि गुरुजी काही तरुण नाहीत. त्यामुळे त्यांची साखर गोळ्यांमुळेच अडली, असे मी म्हणणार नाही. पण तासभर चालायचे आणि त्याचा लाभ पणाला लावायचा, तोही पैसे मोजून, हे मला पटत नाही.

तिसऱ्या बाटलीबद्दल मात्र मी ठाम होतो. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी पाहणी झाली. १९९४ साली निकाल आला. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्के जास्त आढळला. अमेरिकेतला अशाच गोळ्यांचा दुसरा प्रयोग १९९६ च्या जानेवारीत मुदतीआधीच थांबवावा लागला. गाजर, आवळा, पेरू खुशाल खा. हा प्रश्न गोळ्यांतल्या मोठ्या मात्रेचा आहे. आणि रक्तक्षयावर किंवा गरोदरपणात डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या कोणी हे वाचून बंद करू नयेत, त्यांचे कारण वेगळे.

गुरुजी सगळे ऐकून घेऊन म्हणाले, "म्हणजे बिडी ओढायची असेल तर ही बाटली नको?"

मी म्हटले, "गुरुजी, बाटली नकोच. पण बिडीचे काय करता?"

ते हसले. बीटा कॅरोटीनची बाटली माझ्या टेबलावर ठेवून गेले. बिडीचे बंडल खिशातच होते. महिन्याने साखर तपासायला येणार आहेत, तेव्हा पुन्हा विचारीन.