पाकीट उघडण्याआधी बघा: मतमोजणीतले निरीक्षक नेमकं काय करतात?

मतमोजणीच्या हॉलमधला एखादा व्हिडिओ तुमच्याही ग्रुपवर आला असेल. टेबलावर कागदांचे गठ्ठे, बाजूला गळ्यात ओळखपत्र अडकवलेली माणसं. ती नुसती उभी राहून काय करतात? हे समजून घ्यायला अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याची २००८ ची सिनेट निवडणूक भारी उदाहरण आहे.

झालं काय होतं?

४ नोव्हेंबर २००८ ला रिपब्लिकन नॉर्म कोलमन आणि डेमोक्रॅट अल फ्रँकेन यांच्यात लढत झाली. मतं पडली साधारण २९ लाख. तपासून केलेल्या पहिल्या बेरजेत कोलमन फक्त २१५ मतांनी पुढे होते. इतका कमी फरक असेल तर हाताने फेरमोजणी करायची, असा तिथला कायदा होता. १९ नोव्हेंबरला ती सुरू झाली.

फेरमोजणी: बघा, पण हात लावू नका

निवडणूक कर्मचारी एकेक मतपत्रिका उचलणार, दोन्ही उमेदवारांचे प्रतिनिधी बाजूला बसून बघणार. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांच्याकडे 'रीड-ओन्ली' परवानगी. फक्त एक बटण जास्तीचं: आक्षेप. मत कोणाला आहे हे पटलं नाही, तर कारण सांगून ती मतपत्रिका बाजूला काढायला लावता येते.

असे साडेसहा हजारांहून जास्त आक्षेप आले. बरेच उगाच घेतलेले होते, ते नंतर दोन्ही बाजूंनी मागे घेतले. उरलेल्यांचा निकाल पाच जणांच्या मंडळाने उघड बैठकीत दिला. त्यात चार न्यायाधीश होते आणि बैठकीचं इंटरनेटवर थेट प्रक्षेपण चालू होतं. एका मतदाराने फ्रँकेन यांच्या नावापुढचा गोल भरला होता आणि रिकाम्या ओळीत 'लिझर्ड पीपल' असंही लिहिलं होतं! ते मत बाद झालं. अशा मतपत्रिकांचे फोटो वेबसाइटवर होते, त्यामुळे घरबसल्या लोकही 'तुम्ही काय ठरवलं असतं?' यावर वाद घालत होते.

टपाली मत: इथे 'अनडू' नाही

खरा पेच टपाली मतांचा होता. त्यात दोन पाकिटं असतात. बाहेरच्या पाकिटावर मतदाराचं नाव, पत्ता, सही. आतलं पाकीट कोरं, त्यात मतपत्रिका. आधी बाहेरचं तपासायचं. ते बरोबर निघालं की आतलं पाकीट वेगळं करून बाकीच्यांत मिसळायचं. म्हणून मत गुप्त राहतं.

पण याचा एक परिणाम लक्षात घ्या. एकदा मिसळलं की कुठलं मत कोणाचं हे कोणालाच सांगता येत नाही. फेरमोजणीत कागद पुन्हा बघता येतो, पण चुकून स्वीकारलेलं पाकीट परत बाहेर काढता येत नाही. त्यामुळे निरीक्षकाची नजर पाकीट उघडण्याआधी हवी. नंतर बघून उपयोग नाही.

मिनेसोटात सुमारे १२ हजार टपाली मतं नाकारली होती आणि त्यातली काही चुकून. ती अजून बंद पाकिटात होती, म्हणून दुरुस्ती शक्य झाली. दोन्ही बाजूंची संमती मिळालेली ९३३ पाकिटं ३ जानेवारी २००९ ला सगळ्यांसमोर उघडली. पुढे कोर्टाच्या आदेशाने आणखी ३५१ मतं मोजली गेली. फ्रँकेन ३१२ मतांनी जिंकले.

कोलमन यांची तक्रार होती की काही काउंट्यांनी तशाच त्रुटी असलेली पाकिटं आधीच स्वीकारली होती. पण ती मतं तोवर मिसळून गेली होती! राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २००९ ला त्यांच्या विरोधात निकाल दिला. तोपर्यंत सहा महिने मिनेसोटाला दोनऐवजी एकच सिनेटर होता.

आपल्याकडे कसं असतं?

आपल्याकडेही टपाली मतात हीच दोन पाकिटांची युक्ती आहे. मतदाराचं घोषणापत्र तपासल्यावरच मतपत्रिकेचं पाकीट उघडतात. उमेदवारांचे मोजणी प्रतिनिधी जाळीपलीकडून बघतात.

मग क्लिप आली तर काय बघायचं?

१. हे पाकीट तपासणं आहे की मतमोजणी? दोन्ही वेगळी कामं आहेत.
२. दोन्ही बाजूंची माणसं इतकी जवळ आहेत का, की त्यांना सही किंवा खूण दिसेल? लांबून बघणं म्हणजे फक्त हजेरी.
३. आक्षेप घेतला तर तो कुठे नोंदवला जातो आणि निकाल कोण देतं?

कॅमेऱ्याने गठ्ठा कोणी पळवला नाही एवढं कळेल. सही जुळते की नाही, यासाठी टेबलाजवळ माणूसच लागतो. या तीन प्रश्नांची उत्तरं क्लिपमध्ये नसतील तर ती पुढे ढकलायची घाई करू नका.