नशेवर नशेचा उतारा? दारूचे व्यसन आणि भ्रमकारी वनस्पती

परदेशात एका जातीच्या अळंबीतील द्रव्याने दारूचे व्यसन सुटते, अशा बातम्या गेल्या काही वर्षांत वर्तमानपत्रांतून येऊ लागल्या आहेत. सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, आणि दारूबंदी असली तरी दारूचा प्रश्न त्यांतील अनेक घरांत आहे. अशा घरातील बाईच्या कानावर ही बातमी पडली की तिचा प्रश्न सरळ असतो : हे औषध कोठे मिळेल? प्रस्तुत लेखात प्रथम त्यामागील पुरावा पाहावयाचा आहे.

या द्रव्यांना ‘सायकेडेलिक’ हे नाव हम्फ्री ऑस्मंड या मानसोपचारतज्ज्ञाने १९५० च्या दशकात दिले. ते व अब्राम हॉफर यांनी कॅनडातील सास्काचेवान प्रांतात मद्यासक्त रुग्णांना एलएसडी देऊन पाहिले. दारू एकाएकी सुटल्यावर जो भयंकर वातभ्रम होतो, त्याला घाबरून काही जण कायमची दारू सोडतात. तेव्हा तशीच अवस्था औषधाने आणावी, अशी त्यांची मूळ कल्पना होती. प्रत्यक्षात रुग्ण घाबरण्याऐवजी आपल्या आयुष्याकडे नव्याने पाहिल्याचे सांगू लागले. त्या काळातील सहा चाचण्यांची आकडेवारी २०१२ मध्ये एकत्र तपासण्यात आली. एकूण ५३६ रुग्णांपैकी एलएसडी घेतलेल्यांत ५९ टक्के, तर इतरांत ३८ टक्के सुधारले होते. मात्र हा फरक वर्षअखेरपर्यंत टिकलेला दिसत नाही.

अळंबीतील सिलोसायबिनची महत्त्वाची चाचणी न्यूयॉर्क विद्यापीठाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केली. (अळंबी ही शास्त्रीयदृष्ट्या वनस्पती नव्हे, बुरशी होय, पण लोकव्यवहारात ती जडीबुटीतच मोजली जाते.) तीत ९३ रुग्ण होते. सर्वांना बारा आठवडे समुपदेशन आणि त्या काळात दोनदा औषध किंवा त्याऐवजी दुसरी एक साधी गोळी देण्यात आली. पुढील ३२ आठवड्यांत अतिमद्यपानाचे दिवस सिलोसायबिन गटात ९.७ टक्के, तर दुसऱ्या गटात २३.६ टक्के भरले. आकडे उमेद वाढविणारे आहेत. तथापि आपल्याला कोणते औषध मिळाले हे ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांनी बरोबर ओळखले, त्यामुळे गुण औषधाचा किती आणि आशेचा किती हे वेगळे काढणे कठीण होते. शिवाय तीव्र मानसिक आजार असलेल्यांना अशा चाचण्यांत घेतलेच जात नाही.

अनुभवाने माणसे दारू सोडतात, ही गोष्ट सुरत जिल्ह्याला मात्र नवी नाही. १९२२ मध्ये ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्याकडून निघालेली ‘देवी’ डांगमार्गे सुरतेच्या आदिवासी तालुक्यांत पोहोचली. तिला ‘सलाबाई’ म्हणत. माणसांच्या अंगात देवी येई, ती दारू-ताडी सोडण्याची, रोज स्नान करण्याची आज्ञा देई, आणि गावेच्या गावे एका दिवसात दारू टाकून देत. ताडीविक्रेत्यांवर बहिष्कार पडला. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ च्या ग्रंथात ही चळवळ सविस्तर मांडली आहे. पुढे या लोकांत ‘वरजेला’ म्हणजे वर्ज्य पाळणारे आणि ‘सरजेला’ म्हणजे पुन्हा पिणारे असे दोन गट पडले. माझ्या मते इतकी उपयुक्त नोंद कोणत्याही प्रयोगशाळेने दिलेली नाही. भारावलेल्या क्षणी दारू सुटते. ती सुटलेली राहण्यासाठी सोबतीचे लोक लागतात. अमेरिकेत १९१८ मध्ये स्थापन झालेल्या आदिवासींच्या ‘नेटिव्ह अमेरिकन चर्च’मध्ये पेयोटे या निवडुंगाचे सेवन होते आणि दारू वर्ज्य असते. तेथेही निवडुंगाबरोबर संपूर्ण समाज असतो.

आता त्या बाईच्या प्रश्नाकडे वळू. सिलोसायबिन, एलएसडी, मेस्कॅलिन ही द्रव्ये भारतात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याखाली येतात, ती बाजारात औषध म्हणून मिळत नाहीत. त्या नावाखाली कोणी काही विकत असेल तर ते घेऊ नये. धोत्रा तर मुळीच नव्हे. त्याने होणारा भ्रम हा विषबाधेचा असतो, आणि त्यात जीवही जातो.

दुसरा धोका अधिक घरगुती आहे. ‘न कळत जेवणातून द्या’ अशी जाहिरात असलेल्या पुड्या विकल्या जातात. डायसल्फिराम हे जुने व उपयोगी औषध आहे, पण ते पोटात असताना दारू घेतल्यास उलट्या, धडधड होते, रक्तदाब कोसळतो. ज्याला ठाऊकच नाही तो पिणारच. हेच औषध रुग्णाच्या संमतीने आणि घरच्या माणसाच्या देखरेखीखाली दिले असता काय होते, हे मुंबईतील डिसूझा या डॉक्टरद्वयाने २००४ मध्ये दाखविले. शंभर पुरुषांच्या त्या अभ्यासात वर्षअखेर डायसल्फिराम गटातील ८६ टक्के दारूपासून दूर राहिले, नाल्ट्रेक्सोन गटातील ४४ टक्के. गोव्यात ‘संगत’ संस्थेने तर औषधाशिवाय, डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून प्राथमिक आरोग्य केंद्रांत काम करविले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत तीन महिन्यांनी ३६ टक्के पुरुष आटोक्यात आले होते. समुपदेशन न मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते.

२०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलाही उपचार मिळतो. गुजरातेत कायद्याच्या भीतीने माणूस आणखी लपतो. परंतु मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याने दारूशी निगडित मानसिक विकारांना आजाराच्या व्याख्येत घेतले आहे, त्यामुळे सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जाण्यास संकोच नको. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनीही आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र घरी बसून एकाएकी दारू बंद करू नये. फिट येण्याचा व वातभ्रमाचा धोका पहिल्या तीन-चार दिवसांत सर्वाधिक असतो, आणि त्या दिवसांत डॉक्टर जवळ हवा.