अंथरुणात आठ तास, झोप किती?

नववीतला मुलगा रात्री अकराला आडवा होतो, सकाळी सातला उठतो. घरच्यांच्या हिशेबाने झोप आठ तास. पण पहिला पाऊण तास कूस बदलण्यात गेला आणि मधूनमधून जाग येऊन आणखी पाऊण तास गेला, तर खरी झोप उरते साडेसहा तास. म्हणजे अंथरुणातल्या वेळेच्या जेमतेम ८१ टक्के. रक्तदाबाच्या दृष्टीने हा टक्काही महत्त्वाचा आहे.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात डॉ. सुसान रेडलाइन आणि सहकाऱ्यांनी १३ ते १६ वर्षांच्या २३८ मुलामुलींचा अभ्यास केला. मुलांनी घरी काही रात्री मनगटावर हालचाल टिपणारं घड्याळासारखं यंत्र बांधलं आणि एक रात्र प्रयोगशाळेत काढली. झोपेत श्वास अडकण्याचा विकार असलेली मुलं आधीच वगळली होती. २००८ साली 'सर्क्युलेशन' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: ज्यांचा हा टक्का ८५ किंवा त्याहून कमी, त्यांच्यात रक्तदाब वाढलेला असण्याची शक्यता साडेतीन पट. वजन, लिंग आणि आर्थिक परिस्थितीचा परिणाम वजा केल्यानंतरचा हा आकडा. या अभ्यासाने संबंध दाखवला, कारण सिद्ध केलं नाही. पण शरीराचं कामकाज त्याच दिशेने बोट दाखवतं.

शांत झोपेत रक्तदाब दिवसाच्या तुलनेत साधारण १० ते २० टक्के उतरतो. शरीराला सज्ज ठेवणारी सिंपथेटिक मज्जासंस्था तेव्हा मवाळते, नाडी मंदावते. जाग आली की ती पुन्हा चेतवली जाते, नाडी आणि रक्तदाब वर चढतात. रोजच असं झालं, तर हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना हक्काची विश्रांती मिळत नाही.

त्यातच वयात येताना झोपेची सूचना देणारं मेलाटोनिन उशिरा स्रवू लागतं, म्हणून रात्री लवकर डोळा लागत नाही. उशाशी मोबाइल असला की आणखी उशीर. सकाळी मात्र शाळेसाठी लवकर उठावं लागतं. म्हणूनच कॅलिफोर्नियात २०२२पासून बहुतेक हायस्कूल साडेआठच्या आधी भरवता येत नाहीत. महाराष्ट्रात २०२४ मध्ये शाळा सकाळी नऊला किंवा त्यानंतर भरवण्याची सूचना निघाली, पण चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी. झोपेचं घड्याळ पुढे सरकतं ते त्यानंतरच्या वयात!

तेरा वर्षांपुढच्या मुलाचा रक्तदाब वारंवार १३०/८० किंवा त्याहून जास्त आला, तर डॉक्टर वजन आणि मीठ यांची चौकशी करतातच. किती वाजता झोपतोस, एवढ्यावर न थांबता झोप लागायला किती वेळ लागतो आणि रात्री कितीदा जाग येते, हेही विचारायला हवं.