जास्त झालं होतं म्हणून

पॉडकास्टच्या मागच्या भागात आम्ही कृतज्ञतेवरच्या संशोधनाबद्दल बोललो. शेवटी ‘अडचणीच्या काळात तुम्हाला कुणी सावरलं?’ असा प्रश्न आला आणि ‘घरचे आणि चर्चमधली माणसं’ एवढं सांगून मी मोकळी झाले. उत्तर खरं होतं, पण आळशी होतं. म्हणून हा लेख.

भाग ऐकला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककुलो यांचा 2003 चा अभ्यास या विषयात सगळ्यांना तोंडपाठ असतो. विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एकानं आठवड्यातून एकदा, असं दहा आठवडे, ज्यांबद्दल मनात आभार आहेत अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या, दुसऱ्यानं कटकटी लिहायच्या, तिसऱ्यानं नुसत्या घडलेल्या घटना. पहिला गट आपल्या आयुष्याबद्दल जास्त समाधानी निघाला. दुकानात मिळणाऱ्या ‘ग्रॅटिट्यूड जर्नल’ वह्यांना आधार मिळाला तो असल्या अभ्यासांचा. पुढे झालेले बरेच अभ्यास एकत्र पाहिले की परिणाम तसा छोटाच दिसतो, पण ते काही वहीच्या मुखपृष्ठावर छापत नाहीत.

माझी अडचण वेगळी आहे. ती वही लिहायची तर मदत दिसावी लागते. 2021 साली मला मिळालेली बहुतेक मदत मला तेव्हा दिसलीच नव्हती.

त्या एप्रिलमध्ये मला सातवा महिना होता. जर्मनीतली पीएचडी संपवून इथं पोस्टडॉकसाठी येऊन सव्वा वर्ष झालं होतं, आणि त्यातलं बरंचसं घरात बसूनच गेलं होतं. अशात नगरला पप्पांना ऑक्सिजन लागला. मी एकुलती एक. डॉक्टरांनी मला विमानप्रवासाला साफ नाही म्हटलं, म्हणून माझ्या जागी नवरा गेला. तो पोचून आठवडा होतो न होतो तोच, 23 एप्रिलच्या मध्यरात्रीपासून, भारतातून येणाऱ्या दीर्घ मुदतीच्या पासवाल्यांना सिंगापूरनं दार बंद केलं. तो तिकडे, मी इकडे. मेच्या पहिल्या आठवड्यात पप्पा गेले. दफनविधी मी फोनवर पाहिला. पीपीई किट घातलेली तरुण संघाची चार पोरं, लांब उभे असलेले पाळकसाहेब, आणि फोन धरलेला नवऱ्याचा हलणारा हात. आवाज येत नव्हता.

इथं माझा सेल ग्रुप होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: चर्चमधल्या आठ-दहा जणांचा एक गट, आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी भेटायचं, बायबल वाचायचं, एकमेकांसाठी प्रार्थना करायची आणि मग जेवायचं. सिंगापूरच्या कितीतरी चर्चमध्ये ही पद्धत आहे. आमच्यात एक तमिळ आंटी, एक चिनी जोडपं, एक फिलिपिनो नर्स, एक मिझो विद्यार्थी आणि इतर दोघं-तिघं. 16 मेपासून घरी दिवसाला दोनच पाहुणे चालत होते, म्हणून आमच्या भेटी झूमवर गेल्या.

पप्पा गेल्यावर पहिल्या आठवड्यात या मंडळींनी मला भंडावून सोडलं. सगळ्यांचे फोन, सगळ्यांची वचनं, ‘देवाची काहीतरी योजना असेल’. एका संध्याकाळी मी फोन बंद करून अंधारात बसून राहिले. त्यानंतर हा ओघ एकदम आटला. मला वाटलं, झालं, विसरले. फक्त आंटी अधूनमधून दाराच्या जाळीला पिशवी अडकवून जायच्या. भात, सांबार, कधी मासे. ‘कशाला त्रास घेता?’ म्हटलं की म्हणायच्या, ‘जास्त झालं होतं.’ चिनी अंकल ‘इकडूनच चाललो होतो’ म्हणत मला क्लिनिकला सोडायचे. नर्सला म्हणे रात्री झोप यायची नाही, म्हणून ती मेसेज करायची. जुलैत मुलगी झाली. प्रसूतीच्या वेळी सोबत एकच माणूस चालणार होता, त्या आंटी होत्या. नवरा परत आला तेव्हा मुलगी चार महिन्यांची होती.

नंतरच्या वर्षी गटातल्या एकाचं ऑपरेशन झालं आणि डब्यांच्या पाळ्या लावायला मला एक गूगल शीट आली. खालच्या बाजूला एक जुनं पान होतं, त्यावर माझं नाव. अकरा आठवडे. सोमवार, गुरुवार, शनिवार. स्वयंपाक कुणी करायचा, आंटींकडे कुणी पोचवायचा, क्लिनिकच्या तारखांना गाडी कुणाची, रात्री अकरानंतर मेसेज कोण करणार. सगळ्यात वर इंग्रजीत एक ओळ, जिचा अर्थ असा: तिला एका वेळी एकच माणूस दिसू दे.

मी लॅबमध्ये होते. प्रसाधनगृहात जाऊन रडले, हे सांगायला हरकत नाही.

नायल बोल्जर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली नेमकं हेच मोजलं होतं. न्यूयॉर्कची वकिलीची परीक्षा देणारे आणि त्यांचे जोडीदार, दोघांनीही रोज वेगवेगळी डायरी भरायची: आज आधार दिला का, आज आधार मिळाला का. ज्या दिवसांत ‘मला आधार मिळाला’ असं परीक्षा देणाऱ्यानं लिहिलं, त्यानंतर त्याची उदासी उलट वाढलेली दिसली. आणि जोडीदारानं ‘दिला’ लिहिलंय पण समोरच्यानं ‘मिळाला’ लिहिलेलं नाही, तिथं ती कमी झाली. दिसणारी मदत आपण किती कोलमडलोय याची आठवण करून देते, शिवाय डोक्यावर उपकाराचं ओझं ठेवते, असं त्याचं एक स्पष्टीकरण आहे. पुढच्या संशोधनानं यात भर घातली: मदत दिसली तरी चालते, पण माणसाला समजून घेऊन केलेली हवी.

न दिसणारी मदत म्हणजे लपवाछपवी नव्हे, हेही सांगायला हवं. शेवटच्या दोन दिवसांत आईनं मला पप्पांच्या ऑक्सिजनचा आकडा वाढवून सांगितला होता. माझ्या काळजीपोटीच. पण त्यामुळे पप्पांशी बोलायचं राहून गेलं. ते मी अजून आभारांच्या खात्यात लिहिलेलं नाही.

आता चर्चचंच काय विशेष? मदतीला आलेले सगळे ख्रिस्ती नव्हते. नगरला सिलिंडर मिळवून देणारा माझ्या वर्गमित्राचा भाऊ मुसलमान. इथल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी एक शब्द टाकला असता तर पन्नास जण धावले असते, यात शंका नाही. पण तो शब्द मला टाकता आला नाही. सेल ग्रुपमध्ये टाकावा लागला नाही, कारण दर आठवड्याला नाव घेऊन ‘तुझ्यासाठी काय प्रार्थना करू?’ असं विचारायची तिथं रीतच आहे. चांगुलपणा दोन्हीकडे सारखाच असेल, पण इकडे त्याला वेळापत्रक होतं. चेयून लिम आणि रॉबर्ट पटनम यांच्या अमेरिकेतल्या अभ्यासातही (2010) हेच निघालं होतं: चर्चला नियमित जाणारे जास्त समाधानी असतात ते मुख्यतः तिथं जोडलेल्या जवळच्या मित्रांमुळे. नुसतं येऊन, बसून, निघून जाणाऱ्याला तसा फायदा दिसत नाही.

नवरा परतल्यावर काही महिन्यांनी आम्ही चांगीचं संग्रहालय पाहायला गेलो. 15 फेब्रुवारी 1942 ला सिंगापूर पडलं आणि हजारो सैनिक चांगीत युद्धकैदी झाले. त्यांतला स्टॅन्ली वॉरन नावाचा ब्रिटिश तोफखान्यातला माणूस आमांशानं आणि मूत्रपिंडाच्या आजारानं मरणाच्या दारात होता. रॉबर्ट्स बॅरॅक्समधल्या कैद्यांच्या इस्पितळात एक छोटं प्रार्थनास्थळ होतं, तिथं त्यानं बायबलमधल्या प्रसंगांची पाच भित्तिचित्रं काढली. एका वेळी जेमतेम पंधरा मिनिटं उभं राहण्याची ताकद. रंग कुठून आले? इतर कैद्यांनी आणले. गाड्यांना फासायचा तपकिरी रंग, थोडा पांढरा, थोडा किरमिजी, आणि निळ्यासाठी बिलियर्डच्या काठीला लावतात तो खडू कुटून. पकडले गेले असते तर काय झालं असतं ते सांगायला नको. पुढे चित्रांवर रंगाचा हात फिरला, 1958 मध्ये ती पुन्हा सापडली, आणि लंडनमध्ये चित्रकला शिकवणाऱ्या वॉरनना शोधून काढलं गेलं. त्या आठवणींकडे परत जायला ते आधी तयार नव्हते. शेवटी 1963, 1982 आणि 1988 असे तीनदा येऊन त्यांनी चित्रं दुरुस्त केली. मूळ चित्रं लष्करी हद्दीत आहेत, संग्रहालयात प्रतिकृती दिसतात. खडू आणणाऱ्यांची नावं मला तिथं दिसली नाहीत.

मराठी बायबलमध्ये चर्चला ‘मंडळी’ म्हणतात. लहानपणी मला याची गंमत वाटायची, कारण शेजारचे आजोबा आपल्या बायकोलाही ‘आमची मंडळी’ म्हणायचे. घर आणि चर्च यांना एकच शब्द, पण आपल्याकडे या दोघांचं नेहमी जमलं असं नाही. 1895 मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. त्या मधल्या काळात त्यांना सांभाळलं ते माहेरच्या हिंदू माणसांनी, बहिणीच्या घरानं. 1900 मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, आणि मग परक्या लोकांचीच मंडळी झाली. ‘स्मृतिचित्रे’ त्यांनी लिहिलं ते कित्येक वर्षांनी. त्यात कुणी काय दिलं, कुणी काय लपवलं, कुणाशी कसं भांडण झालं, सगळं एकाच पंगतीला बसलेलं आहे. संकट चालू असताना ते तसं दिसलं असतं असं मला वाटत नाही.

गेल्या महिन्यात त्या शीटला एक नवीन पान जोडलं गेलं. नव्यानं आलेला एक विद्यार्थी, त्याची आई तिकडे आजारी आहे. गुरुवार माझा. मी खिचडी आणि कढी केली, डबा त्याच्या दाराच्या जाळीला लावत होते तेवढ्यात त्यानं दार उघडलं आणि कशाला त्रास घेतला म्हणून विचारलं. मी म्हटलं, जास्त झालं होतं.