घाट, नाका आणि आगगाडी

आगगाडी सावकाश चालली की आपण रेल्वे खात्याला बोल लावतो. १७ सप्टेंबर २०२५ रोजी अहिल्यानगर-बीड गाडी सुरू झाली. या मार्गाला मंजुरी १९९५ सालची, म्हणजे तीस वर्षे वाट पाहून आलेली गाडी. तरी आठवडा उलटायच्या आत लोक म्हणू लागले, ‘हिच्यापेक्षा एस.टी. बरी!’ तक्रार खोटी नाही. पण गाडीच्या मंदपणाची कारणे तरी कोणती असतात? ती समजून घ्यायला आपल्या मराठी मुलखाच्या कडेला एक फार चांगला नमुना आहे. तो म्हणजे गोव्यातील कुळेपासून कर्नाटकातील कॅसलरॉकपर्यंतचा, दूधसागर धबधब्याला अगदी खेटून जाणारा, सुमारे २६ किलोमीटरचा घाट. इथे गाडीला डोंगरही आडवा आला आणि सरहद्दही.

प्रथम डोंगराचे पाहू. या घाटाचा चढ ३७ ला १ आहे. ३७ पावले पुढे गेलो की एक पाऊल वर. आपल्या माणसाला हा चढ काहीच वाटणार नाही, बैलगाडीलाही फारसे जड जाणार नाही. आगगाडीची गोष्ट वेगळी. लोखंडी रुळावर लोखंडी चाक जवळजवळ घर्षणाशिवाय फिरते, म्हणून सपाटीवर एक टन वजन ओढायला चार-पाच किलोचा जोर पुरतो. पण ३७ ला १ या चढावर त्याच एका टनासाठी आणखी २७ किलोचा जोर लागतो. म्हणजे सपाटीच्या सहा-सातपट! आणि ज्या गुळगुळीतपणामुळे सपाटीवर फायदा झाला, त्याच्याचमुळे चढावर चाक घसरते. म्हणून मागून ढकलायला जादा इंजिने लावतात. मुंबईच्या वाटेवरचे बोरघाट आणि थळघाट याच चढाचे आहेत. तिथे मागून लागणारे इंजिन आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. उतरताना तर चढण्याहून अधिक सांभाळावे लागते, कारण वेग एकदा हाताबाहेर गेला की ब्रेक तापतात आणि पकड सोडतात. तेव्हा घाटात गाडी रेंगाळते तो आळस नव्हे.

युरोपातही हेच. स्वित्झर्लंडमधून इटलीतील तिरानो गावी उतरणारी बेर्निना रेल्वे १९१० पासून सलग चालते. तिचा चढ १४ ला १ इतका तीव्र आहे, आणि तिच्या संथपणासाठीच लोक पदरचे पैसे मोजून दूरदेशाहून जातात.

आता सरहद्दीचे. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. त्याने गोवा व ब्रिटिश हिंदुस्थान यांमधील जकातीचे नाके उठले, मिठाचा मक्ता इंग्रजांकडे गेला, आणि मुरगाव बंदरापासून घाटमाथ्यापर्यंत रेल्वे बांधायचे ठरले. मीटरगेज रूळ घालून घाटाचा भाग १८८८ मध्ये खुला झाला. बंदराचा माल अडथळ्यावाचून देशावर यावा, हा सगळा हिशेब. परंतु तहाची मुदत १८९२ मध्ये संपली आणि तो पुन्हा झाला नाही. रेल्वे राहिली, नाके परत आले! ज्या तहाच्या पोटी हा मार्ग जन्मला त्याचे आयुष्य मार्गापुढे चार वर्षेच टिकले. नंतर पोर्तुगीजांची झडती कुळ्याला आणि इकडची कॅसलरॉकला. डोंगराने गाडी मंद केलीच होती; आता उतारूंच्या ट्रंका उघडून पाहण्यात वेळ जाऊ लागला.

मराठवाड्यातील वडीलधाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. निजामी अमलात करोडगिरीचा नाका काय असतो ते आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगले आहे. नगर इंग्रजांचे, आष्टी निजामाची. पलीकडे कलदार रुपया, अलीकडे हाली. आज बीडची गाडी नगरहून आष्टीकडे येते तेव्हा तीही एक जुनी सरहद्दच ओलांडते, फक्त डब्यातल्या कोणाला ती दिसत नाही.

गोव्याची सरहद्द मात्र आणखी कडक होत गेली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रही ज्या वाटांनी गोव्यात शिरले, त्यांत हा लोहमार्गही होता. पोर्तुगीजांनी निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या. त्यानंतर भारत सरकारने हद्द बंद केली आणि घाटातील गाडी थांबली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, नाके कायमचे उठले. पुढे १९९० च्या दशकात मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आले. एवढे सारे बदलले. ३७ ला १ मात्र बदलला नाही.

नवा वाद आहे तो जंगलाचा. हा घाट भगवान महावीर अभयारण्यातून जातो. कर्नाटकातील तिनईघाटापासून कॅसलरॉकमार्गे गोव्यातील करंझोळपर्यंत दुसरा रूळ टाकण्यासाठी मिळालेली वन्यजीव मंडळाची मान्यता सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. एकेरी मार्गावर समोरच्या गाडीसाठी खोळंबावे लागते हे खरे. पण उतारूंच्या सोयीपेक्षा बंदरातून येणाऱ्या कोळशासाठीच दुसरा रूळ हवा, असे गोव्यातील पुष्कळ लोकांचे म्हणणे आहे, आणि मला ते पटते. आपणही सावध असावे, कारण बीडहून परळीकडे रूळ जातील तेही बालाघाटच्या रांगांतून. तिथे आपल्याला काय हवे, हे आपणच आधी ठरवलेले बरे.

ज्यांना हा घाट पाहायचा असेल त्यांनी अहिल्यानगरहूनच गोवा एक्सप्रेस धरावी. ती पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा करीत याच घाटाने मडगावला उतरते. वेळापत्रक पाहून घाट उजेडी लागेल अशी बाजू निवडावी, जाताना नसेल तर येताना. पावसाळ्यात धबधबा भरलेला असतो. मात्र गाडीतूनच पाहावा. रुळावर उतरून चालणे हा गुन्हा आहे, आणि बोगद्यात समोरून गाडी आली तर बाजूला व्हायला जागा फार थोडी असते.